शेपटाकडून धरायचा शब्द

सुजाता,

निधनवार्ता लिहायला मला फार वेळ लागत नाही. नाव, वय, राहायचं ठिकाण, आजार दीर्घ की अल्प, आणि शेवटी 'त्यांच्या पश्चात' म्हणून मागे राहिलेली माणसं. इतकी वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यावर हा साचा हातात बसला आहे. जागा कमी पडली तर काय उडवायचं हेही ठरलेलं असतं. बातमी खालून कापतात. त्यामुळे सगळ्यात आधी 'पश्चात' जातं.

तुझी निधनवार्ता मी लिहिली नाही. ही खालून कापायची पद्धत तुला कधीच मान्य नव्हती. "तुम्ही शेपूट कापणारे लोक," तू म्हणायचीस. "मी शेपटावर जगते." आपल्यातला जुना वाद एवढाच होता आणि तो अजून मिटलेला नाही. तो पुढे चालवायचा तर तुझ्याशीच बोलावं लागेल.

आपण नाहूरच्या एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो, एकाच मराठी शाळेत गेलो. तुझे आईबाबा अकोल्याकडचे, माझे मालवणकडचे. शाळेत तुला 'काहून'वरून चिडवायचे आणि मला 'खय'वरून. बी.ए. झाल्यावर मी वर्तमानपत्रात लागले. तू घाटकोपरला, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा क्लास लावलास. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दल बोलून ठेवायचे. ते रेकॉर्डिंग इथे हेडफोनवर ऐकून टाइप करायचं, असं ते काम. आवाज थांबवायला आणि मागे न्यायला टेबलाखाली पायाचं पेडल असायचं. सरावासाठी तू एक जुनं पेडल घरी आणलंस तेव्हा तुझी आई दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"काहून गं, पाय त हलवते, कापड कुठी हाय?"

"आई, हे शिलाई मशीन नाहीये."

"मंग शिवते काय तू?"

"शब्द."

आईने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. एकच शब्द तू पुन्हा पुन्हा खोडत होतीस. "फाटके दिसतात," ती म्हणाली आणि आत गेली.

शब्द खरोखरच फाटायचे. ते लांब होते, ग्रीक-लॅटिन होते, आणि क्लासमध्ये ते सरळ पाठ करायला सांगत होते. तू पाठ केले नाहीस. तू त्यांची शेपटं वेगळी काढलीस. शेवटी आयटिस असेल तर कुठेतरी सूज. ऑस्कोपी असेल तर आत नळी घालून बघणं. ओमा असेल तर गाठ. उपसर्ग आणि प्रत्यय आपण शाळेत मार्कांपुरते शिकलो होतो आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. तू ते पुन्हा हातात घेतलेस. मराठीत प्रत्यय या शब्दाला दोन अर्थ आहेत, शब्दाला लागतो तो आणि माणसाला येतो तो. "लोकांना अनुभव येतात," तू म्हणायचीस, "मला डायरेक्ट प्रत्यय येतात."

शब्द फोडायची तुझी रीत साधी होती. शब्दाच्या पुढच्या भागावर अंगठा ठेवायचा, शेवट वाचायचा, मग अंगठा हळूहळू मागे सरकवत पुढचं उघडं करायचं. "आमच्या आजीने जन्मभर अंगठा उठवला," तू एकदा मला सांगितलंस. "मी पण अंगठाच वापरते. फक्त उलट कामाला."

नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात तू तुझी ती गाजलेली चूक केलीस. एका पेशंटला तोंडाने खाता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरने त्याच्या पोटाला बाहेरून नळी घालण्यापुरतं छिद्र केलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तो म्हणाला होता गॅस्ट्रॉस्टमी. बोलताना त्याने शब्दाचा शेवट गिळला आणि तू टाइप केलंस गॅस्ट्रेक्टमी. रिपोर्ट तपासणारी तुझी सीनियर हेडफोन गळ्यात तसाच ठेवून तुझ्या टेबलाशी आली.

"सुजाता, डॉक्टरने काय केलं? छोटा सा भोक पाडला. और तूने? पूरा पेट निकाल के रख दिया! आता तो माणूस जेवणार कुठे, सांग ना?"

सगळा हॉल हसला. तूही हसलीस, असं तू सांगायचीस. घरी येऊन रडलीस, असं तुझी आई सांगते. दोन्ही खरं असावं. रिपोर्ट पुढे जाण्याआधी दुरुस्त झाला, कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्या संध्याकाळी गच्चीवर तू मला ती तिन्ही शेपटं समजावून सांगितलीस, ती मला आजही पाठ आहेत. ऑटमी म्हणजे कापून उघडणं. ऑस्टमी म्हणजे तिथे वाट करून ठेवणं. एक्टमी म्हणजे काढूनच टाकणं. "सख्ख्या बहिणी गं या, चेहरे सारखे. आणि स्वभाव बघ एकेकीचा!"

त्या चुकीतून तू एक नियम काढलास: शब्द संपेपर्यंत निकाल लावायचा नाही. तो तू शब्दांपुरता ठेवला नाहीस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी तावातावाने बोलायला लागलं आणि बाकीचे तुटून पडले की तू मध्येच हात वर करायचीस. "थांबा ना जरा. त्यांचं शेपूट येऊ दे." लोक हसायचे आणि थांबायचे. माझ्या धंद्यात सगळं महत्त्वाचं पहिल्या वाक्यात असतं, त्यामुळे मी माणसांचीही पहिलीच वाक्यं ऐकत असे. ती सवय तुझ्यामुळे मोडली. हे तुला सांगायचं राहिलं होतं, ते इथे नोंदवते.

डेस्कवर वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी मराठीत करताना मी तुला फोन करायचे. अर्थ विचारायला क्वचित, भांडायला जास्त. एकदा बेघरांविषयीची बातमी हातात होती. मी 'होमलेस'चं 'बेघर' केलं आणि सहज तुला सांगितलं.

"ए डेस्क, एक बघ," तू म्हणालीस. मला तू डेस्कच म्हणायचीस. "मराठीत 'नाही' आधी येतं. बेघर, बिनपगारी, निराधार. पुढचं ऐकायच्या आधीच माणूस खांदे पाडतो. इंग्रजीत आधी घर देतात आणि मग काढून घेतात. होम... लेस."

"मग कुठलं बरं?"

"बरं कुठलंच नाही. पण इंग्रजीत एक क्षण घर असतं ना."

ते वाक्य मी त्या दिवशी बातमीत वापरू शकले नाही. तशी सोय बातमीत नसते.

शेपूट कधी फसवत नाही, हा तुझा दावा. फसवतं, हा माझा. त्यासाठी मी अपवाद गोळा करायचे. मी म्हटलं, प्राइसलेस घे. लेस म्हणजे नसलेलं, मग प्राइसलेस म्हणजे फुकट का? अनमोल कसं? तू म्हणालीस, "किंमत नाहीच आहे त्याला, कारण कुणाला ती करताच येत नाही. शेपूट बरोबर आहे. तुझं डोकं सेलमध्ये अडकलंय." मी म्हटलं, शेमफुल आणि शेमलेस घे. एक शरमेने भरलेलं, एक शरम नसलेलं. उलटसुलट असायला हवेत, पण दोन्ही शिव्याच आहेत. मला वाटलं आता सापडलीस.

"त्यात काय? काम शेमफुल, करणारा शेमलेस," तू म्हणालीस. "म्हणून तर ते काम त्याच्याकडून होतं, यार."

मी फोन ठेवला. पलीकडे तू हसत होतीस ते ठेवता ठेवता ऐकू आलं.

पुढे तुझं काम बदललं. रेकॉर्डिंग आता मशीनच टाइप करू लागलं आणि तुम्हा लोकांना मशीनच्या चुका काढायला बसवलं. तुझ्या ऑफिसातली बरीच टेबलं रिकामी झाली. तू टिकलीस, कारण मशीनही शब्दांचे शेवट गिळत होतं, आणि ती चूक तुझ्याइतकी कुणाला ओळखीची नव्हती. त्याच सुमाराला तू दिंडोशीला रविवारचा वर्ग सुरू केलास. सोसायटीचा छोटा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पांढरा बोर्ड. येणाऱ्या बायका लॅबच्या काउंटरवर, मेडिकलच्या दुकानात, नर्सिंग होममध्ये मावशी म्हणून काम करणाऱ्या. रोज हातात रिपोर्ट येतात आणि वाचता येत नाहीत, अशा. त्यांना पूर्ण इंग्रजी शिकवायचा तुझा बेत नव्हता. "शेपटं आली तरी अर्धा रिपोर्ट कळतो," तू म्हणायचीस. "आणि समोरच्याला उगाच घाबरवायचं की नाही, ते पण कळतं."

मी एकदा त्या वर्गाला येऊन मागे बसले होते. तू 'अर' हा प्रत्यय शिकवत होतीस. टीच केलं की टीचर, ड्राइव्ह केलं की ड्रायव्हर. नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी हात वर केला.

"मॅडम, मग मी कुकर."

"तुम्ही कुक, मावशी. कुकर म्हणजे भांडं."

"असं कसं? ड्रायव्हर म्हणजे गाडी नाही ना? मग कुकर म्हणजे भांडं कसं?"

"बरोबर बोलतायत मावशी," जोगेश्वरीच्या लॅबमधली रेश्मा म्हणाली. "फक्त शिट्टी किती वेळा मारता ते सांगा."

आयटिसच्या वेळी हीच रेश्मा उठून म्हणाली होती, "सूज म्हणजे फुगणं ना मॅडम? मग आमच्या घरात सासूआयटिस आहे. औषध सांगा." वर्ग बराच वेळ हसत होता. तू बोर्डाकडे तोंड करून उभी होतीस आणि तुझे खांदे हलत होते.

याच रेश्माने तो प्रश्न विचारला. तिच्या लॅबच्या काउंटरवर कुणा पेशंटने आभाराचं कार्ड ठेवलं होतं, त्यात ग्रेटफुल असा शब्द होता. "मॅडम, होपफुल म्हणजे आशेने भरलेला. केअरफुल म्हणजे काळजीने भरलेला. मग ग्रेटफुल कशाने भरलेला? ग्रेटने?" दुसरी म्हणाली, "स्पेलिंग बघ आधी. मोठावाला ग्रेट नाहीये तो, किसणीवाला आहे." "म्हणजे किसणीने भरलेला?" मावशींनी विचारलं, "टोचेल ना!" तू अंगठा ठेवलास, काढलास, पुन्हा ठेवलास. मग म्हणालीस, "पुढच्या रविवारी सांगते."

संध्याकाळी तुझा फोन आला. "तुझ्या बाजूचा एक सापडला, ए डेस्क. खूश हो. फुल आहे, आणि आत काय भरलंय तेच कळत नाही."

"बघून सांगू?"

"हात लावायचा नाही हां. तू सांगितलंस तर तू जिंकलीस. मी शोधणार."

पुढच्या रविवारी तू दिंडोशीला गेली नाहीस, कारण त्या आठवड्यात तुझ्या तपासण्या सुरू झाल्या. दुखणं जुनं होतं, तू अंगावर काढलेलं. "कुठलं तरी आयटिस असेल," तू म्हणालीस. "आयटिस निघालं तर मिसळ माझ्याकडून."

रिपोर्ट मुलुंडला मिळाला तेव्हा मी बरोबर होते. लॅबबाहेर, बुटांच्या रॅकशेजारी एक बाक होता. तू कागद मांडीवर पसरलास, निदानाच्या ओळीवर आलीस, आणि वर्गात शिकवायचीस तसा पुढच्या भागावर अंगठा ठेवलास. शेवट उघडा राहिला. ओमा.

तू अंगठा काढला नाहीस.

मी म्हटलं, "ग्लॉकोमा पण ओमाच आहे. तो कुठे गाठ असतो? तो डोळ्यांचा आजार आहे. ओमा असलं म्हणजे गाठच, असं काही नाही."

इतक्या वर्षांत मी तुला सांगितलेल्या अपवादांपैकी हा एकच मला मनापासून खरा ठरायला हवा होता. ते तुला कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर ते वाद घालतानाचं हसू आलं.

"चांगला आहे गं," तू म्हणालीस. "इतके दिवस लपवून ठेवला होतास होय?"

मग तू अंगठा सरकवलास. पुढचा भाग इथे लिहीत नाही. तो वाचायला शेपटाची गरज लागली नाही.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. ते म्हणाले, ट्रीटेबल आहे. माझा श्वास सुटला. बाहेर आल्यावर तू लिफ्टचं बटण दाबलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "एबल कशाला लागलंय ते ऐकलंस ना? क्युअरला नाही लागलेलं. ट्रीटला लागलंय." लिफ्ट आली. आत माणसं होती, त्यामुळे आपण पुढे काही बोललो नाही. नंतरही त्याबद्दल बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला जे कळलं होतं ते तू मला सांगितलंस, आणि मला कळलं हे तुला दिसलं. त्या दिवसाला तेवढं पुरलं.

घरी आई वाट बघत होती.

"डाक्टर काय म्हन्ला?"

"एबल म्हणाला, आई. म्हणजे करण्यासारखं आहे."

"करन्यासारखं हाय त करू," आई म्हणाली आणि भाजी परतायला आत गेली.

केलं. जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. या काळात मी तुला जितकं हसताना पाहिलं तितकं आधीच्या काही वर्षांत पाहिलं नव्हतं. मी ही वस्तुस्थिती म्हणून लिहिते आहे, धीर देण्यासाठी नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू सर्जनला विचारलंस, "ऑटमी, ऑस्टमी की एक्टमी?" ते चमकले आणि म्हणाले, एक्टमी. तू म्हणालीस, "नीट लिहा हां डॉक्टर. मी एकाचं पूर्ण पोट काढलंय." ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मला ती गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली आणि तू मध्ये मध्ये माझ्या चुका काढत राहिलीस.

नंतर एकदा, दुपारच्या भेटायच्या वेळेत, तू विषय काढलास.

"रविवारचा वर्ग तू घे."

"मला शिकवता येत नाही, सुजाता."

"कोण शिकव म्हणतंय? भांड त्यांच्याशी. नियम त्यांना येतात आता. अपवाद सगळे तुझ्याकडे पडून आहेत."

"बरं. मग ग्रेटफुलपासून सुरू करते."

"ते सोडून," तू म्हणालीस. "ते माझं आहे. ते मी येऊन सांगणार."

मी वर्ग घ्यायला लागले नाही. तू येणार होतीस. रेश्माचे मेसेज यायचे, मॅडम कशा आहेत, रविवारचं काय. मी कळवते म्हणायचे. तू आली नाहीस.

पुण्यानुमोदनाला दिंडोशीच्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. त्रिशरण, पंचशील झालं. आईने मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि दोन वाक्यं बोलून बसले. दोन्ही बरोबर होती, आणि दोन्ही कुणाहीबद्दल चालली असती. निघताना रेश्मा दाराशी थांबली. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "मॅडम, ग्रेटफुलचं पुढच्या रविवारी सांगते, असं त्या म्हणाल्या होत्या." त्यात तक्रार नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. तिच्या मागे दिंडोशीच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. ते सभ्यपणे म्हणाले की हॉलला रविवारची मागणी आहे, वाढदिवस वगैरे, तर वर्ग बंद झाला असं धरायचं का. मी म्हटलं, नाही. हे मी विचार करून म्हटलं नव्हतं. दार लागेपर्यंत मात्र त्यातून माघार घ्यायला उशीर झाला होता.

माणसं गेल्यावर मी आईजवळ बसले. मेणबत्ती संपत आली होती. आईने ती बदलली आणि तिच्याकडेच बघत म्हणाली, "करन्यासारखं हाय म्हनली होती. बरं होन्यासारखं हाय, असं नाही म्हनली. मले इंग्रजी येत नाही. मराठी येते."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तिनं इतकं जपून शिवलं होतं," आई म्हणाली. "मी काहून उसवू?"

तू काय शिवत होतीस ते तुझी आई समजून होती, सुजाता. तुला हे कळायला हवं होतं.

तो शब्द मी शोधला. तू हात लावायचा नाही म्हणाली होतीस, तो शब्द मी मोडला. नंतर मागच्या रविवारी दिंडोशीला गेले. खुर्च्या त्यांनी आधीच मांडल्या होत्या. मी बोर्डावर ग्रेटफुल लिहिलं आणि जे सापडलं ते सांगितलं. हे ग्रेट म्हणजे मोठं नाही, आणि किसणीही नाही. इंग्रजीत पूर्वी एक छोटा शब्द होता. मनाला बरं वाटणारं, आणि ज्याला केलेल्याची जाण आहे असा, असे काहीसे त्याचे अर्थ. तो एकटा फार दिवस वापरात राहिला नाही. कधीतरी बंद झाला, आता तो कुणी बोलत नाही. पण बंद व्हायच्या आधी त्याला कुणीतरी मागून फुल जोडलं होतं. तेवढा जोडलेला राहिला. शिवाय फुल सहसा आशा, काळजी, उपयोग अशा नामांना लागतं. इथे ते विशेषणालाच लागलंय. म्हणजे हा अपवाद आहे, हे मी स्पष्टपणे सांगितलं.

रेश्मा उठली, बोर्डाजवळ आली आणि शब्दाच्या पुढच्या भागावर तिने अंगठा ठेवला. शेवट तेवढा दिसत राहिला.

"म्हणजे मॅडम, पुढचं गेलं. आणि मागच्याने त्याला धरून ठेवलंय."

"हो."

"मग सुजाता मॅडम जिंकल्या."

"अपवाद सापडला, रेश्मा. नियमाने मी जिंकले."

"नाही हां, चीटिंग नको," मावशी मागून म्हणाल्या. "शेपूट जिंकलं. हात वर करा गं कोण कोण!"

सगळ्यांनी हात वर केले. तू हरलीस असं म्हणणारी मी एकटीच होते. तेवढ्या बायकांच्या विरोधात एकटी असणं मला किती वर्षांनी इतकं बरं वाटलं, ते सांगता येत नाही. नंतर त्यांनी मला कुकरवरून धारेवर धरलं. दीड तास कुठे गेला कळलं नाही.

परत येताना नाहूरला आईकडे गेले. पेडल अजून तिथेच आहे, टेबलाखाली. आईने ते पुसून ठेवलं आहे. मी तिला शब्दाची सगळी गोष्ट सांगितली.

"मंग ते पुढचं कुठी गेलं?" तिने विचारलं.

"कुठे नाही. आतच आहे. फक्त एकटं येत नाही आता."

"आत हाय ना," ती म्हणाली. "झालं त मंग." आणि चहा ठेवायला उठली.

वादाचा निकाल मला मान्य नाही, हे तुला माहीत असेलच. तुझ्याकडून उत्तर येणार नाही, तरी माझ्याकडे अजून बरेच अपवाद शिल्लक आहेत आणि दिंडोशीत ते ऐकायला माणसं आहेत. ती तू मला दिलीस. शब्द संपेपर्यंत थांबायचं तू शिकवलंस. रोगाचं निदान वाचताना अंगठा किती वेळ ठेवायचा, हेही तुझ्याकडून पाहिलं. या सगळ्यासाठी एकच शब्द आहे, आणि तो कशाने भरलेला आहे हे मला आता ठाऊक आहे.

हा मजकूर ठरलेल्या जागेपेक्षा लांब झाला आहे. कापावा लागेल. कापायचा तर वरून कापा, असं मी डेस्कला सांगून ठेवलं आहे. शेवटची ओळ राहू द्यायची आहे.

तुझ्या पश्चात आई आहे, दिंडोशीचा वर्ग आहे, मी आहे.